सध्याचा मुक्काम

अप्पांना पोचवून अमरधामातून घरी आले,
ओल्या केसांनी उंबऱ्याशी टेकले,
तर फोन म्हणाला :
तुम्ही नुकतीच या ठिकाणी भेट दिलीत.
अनुभव कसा होता?
पाच चांदण्यांपैकी किती?

निहारला म्हटलं, आधी हे बंद कर.

निहार माझा भाचा, सातपूरला कुठल्याशा कंपनीत
कॉम्प्युटर सांभाळतो.
म्हणाला, मावशी, नुसतं लोकेशन बंद करून भागत नाही.
नेटवर गेलीस की पत्ता मागे उमटतोच,
ओल्या पायांचा फरशीवर उमटतो तसा.
मग त्यानं काहीतरी बसवलं,
जगाचा नकाशा माझ्यापुढे धरला
आणि विचारलं : कुठे राहायचंय?

साठ वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

डोळे मिटून बोट ठेवलं.
रॉटरडॅम.

तेव्हापासून मी दिल्ली दरवाज्याच्या बोळात राहते
आणि रॉटरडॅमला राहते.
धरणातून पाणी सोडलंय, गंगा
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलीय,
भांडीबाजारातले लोक पातेल्यांच्या उतरंडी
डोक्यावरून वर चढवतायत,
आणि फोन सांगतो : आज लख्ख ऊन, हलका वारा,
सायकल काढायला उत्तम दिवस.
न कळणाऱ्या भाषेत कोणी मला चीज विकतं.
विकू दे.
निदान गुडघ्याचं दुखणं शोधलं
की ‘तुमच्यापासून आठशे मीटरवर’ म्हणत
अशोक स्तंभाजवळचा हाडांचा डॉक्टर
दारात येऊन उभा राहत नाही.

आमचं घराणंच खरं तर पत्ते गोळा करणारं.
रामकुंडावर कुणी उतरलं की पहिला प्रश्न :
गाव कोणतं? आडनाव काय?
मग लाल बासनातून वही निघायची,
आणि परभणीकडचा एखादा ट्रॅक्टरवाला
खापरपणजोबाच्या सहीवर बोट ठेवून
लहान मुलासारखा रडायचा.
अप्पा म्हणायचे, आपण विचारतो ते तोंडावर,
लिहितो ते समोर,
वाचून दाखवतो, मग सही घेतो.
गादीवर मला बसता आलं नाही.
मोडी मात्र त्यांनी मलाच शिकवली,
भाऊ गच्चीवर पतंग उडवायचे तेव्हा.

परवा पाण्याच्या भीतीनं वह्या वर नेत होते.
जिन्यात एकीचा दोरा सुटला.
शके अठराशे तेहतीस, कार्तिक.
पणजोबांचं किरटं अक्षर, शाई अजून काळी :

बाई एकटी. नाव भागू.
गाव विचारिले, सांगत नाही.
दुसऱ्यांदा विचारिले नाही.
मुक्काम एक रात्र. दक्षिणा दोन आणे.

खाली अंगठाही नाही.
वर येवला, खाली चांदोर, पारनेर,
सगळी तालुक्यासकट, मुलाबाळांसकट,
आणि मधे दोन बोटं कोरा कागद.
भागू कुठून आली असेल, कुणाला चुकवून,
सकाळी कुठल्या वाटेनं गेली असेल,
याचे तर्क करत जिन्यात बसले जरा वेळ,
मग माझीच मला लाज वाटली.
वही मिटली. दोरा दोनदा गुंडाळला.

रात्री पाणी उतरलं.
मारुतीच्या पायांशी गाळ, कुणाची तरी एक चप्पल,
नळीवाल्यांची आरडाओरड.
मी गॅसवर चहा ठेवला,
पुलावरची वाहतूक सुरू झाली का बघायला
फोन उघडला.
पुन्हा तीच चौकट :
तुमचं ठिकाण जाणून घेऊ का?

नाही म्हटलं.

त्यानं लगेच विचारलं :
नंतर आठवण करू?