हयातीचा दाखला

बँकेतल्या मशीनला माझी बोटं वाचता येईनात.
"काका, डाव्या हातानं काय करता?"
काउंटरवरच्या मुलीनं स्पिरिटचा बोळा दिला.
घट्टे निघतात होय पुसून?

ऑर्लेमचे डिकुन्हा सर म्हणायचे,
एफ जमला की पुढचं आपोआप.
ब्याऐंशी सालची गोष्ट.
अजून पाच तारा बोलतात,
एक मुकी.

खाऱ्या हवेनं गंजतातही लवकर.
धोबी तलावचा दुकानदार विचारतो, "नातवासाठी?"
मी नुसते पैसे मोजतो.

रात्री दळवीबाईंचा टीव्ही थांबला
की बाल्कनीत, वाळत घातलेल्या चादरीमागे बसतो.
परवा आतून वृषाली म्हणाली,
"आज सहावी वाजली बहुतेक."
बहुतेक.

मुली, उजवा अंगठा घे.
जिवंत असल्याचं तो सांगेल.
डावा हात
कामात आहे.