चतुःसीमा

पूर्वेला ओहोळ. पश्चिमेला कायतान कुलासोचे वारस.
उत्तरेला कोमुनिदादीचा डोंगर.
दक्षिणेला फणस, जुना.
एकोणीसशे एकतीसच्या दस्तात तो 'जुना' आहे.
आता त्याला काय म्हणावं, ते मला पोर्तुगीजमध्ये येत नाही,
मराठीतही नाही.

केप्याला निबंधकाच्या कचेरीखाली माझं टेबल.
पानामागे दीडशे रुपये घेऊन
मी माणसं एका भाषेतून दुसरीत उतरवतो.
मेलेली बहुतेक. सह्या मात्र ठसठशीत.

मार्युत चार वेळा आली, फिनलंडची.
वेर्ण्याच्या कारखान्यात पंपांची चाचणी घेते,
त्यामुळे गळती कुठे आहे ते तिला चटकन कळतं.
"भाऊ-बहीण दोघंच ना? मग सह्या अकरा कशाला?"
बाई, इथे लग्न लागलं की अर्धं घर
कुणी न बोलता दुसऱ्याचं होतं.
नवऱ्यानं विकलं तरी बायको हो म्हणेस्तोवर
कौलही हलत नाही.
आणि आजा गेला तेव्हा वाटणीचा दावा कुणी घातलाच नव्हता.
तो आता घातला. दोन वर्षं गेली,
एक न्यायाधीश बदलला,
एक चुलती निकालाच्या आदल्या आठवड्यात वारली
आणि तिच्या जागी तीन मुलगे उभे राहिले.

वकील आमोणकरांनी मार्युतच्या पारपत्रावरचे शिक्के मोजले,
पाडेली उतरला की आपण नारळ मोजतो तसे,
बोटानं एकेक बाजूला सारत.
मागच्या आर्थिक वर्षात एकशे ब्याऐंशीहून जास्त हवे होते.
एकशे शहाण्णव भरले.
नोकरीचे, म्हणून चालले.
सहलीला आलेलीचे तीनशे भरले असते
तरी कायद्याच्या हिशेबी ती इथे नव्हतीच.

मग नागरिकत्वाचा रकाना.
ओफेलिया, जन्म शेळवण, याच घरात, ओहोळाकडच्या खोलीत:
पोर्तुगीज.
इनासियो, ज्याची उंची दाराच्या चौकटीवर
सुरीनं कोरलेली आहे, नऊ वर्षांचा असेपर्यंत:
पोर्तुगीज, राहणार स्विंडन.
त्याचं मुखत्यारपत्र दूतावासाचा शिक्का घेऊन कुरिअरनं आलं,
सोबत चॉकलेटं.
सुलक्षा टायपिस्ट थांबली.
"सर, परदेशी कोणापुढे लिहू?"
तिघांपुढे लिही म्हटलं.
विकणारी परदेशी म्हणून कर जास्त कापला,
तेव्हा ओफेलिया व्हिडिओवर ओरडली,
"म्हज्याच घराक?"
मार्युतला कोकणी येत नाही.
मान खाली घालून ती पेनाचं टोपण लावत राहिली, काढत राहिली.

सगळं जुळलं होतं. तरी दस्त अडला.
फणसाखाली एक खोली आहे, मातीची, पत्र्याची.
चंद्रावती वेळीप. मुंडकार.
तिच्या सासऱ्यानं कुलासोंचे माड राखले, मग नवऱ्यानं,
मग तिनं एकटीनं, कुलासो कुणी नसताना.
कुठल्याच कागदात ती नव्हती.
एकतीसच्या दस्तात ओहोळ आहे, डोंगर आहे,
झाड आहे.
मामलेदाराकडे ती तीनदा गेली. फोंड्याच्या जावयाकडून
पैसे आणले, भरले. हुकूम झाला.
तीनशे चौरस मीटर, फणसासकट.

मार्युत म्हणाली, "म्हणजे झाड माझं नाही."
मी म्हटलं, नाही.
"सावली?"
सावलीचा सर्वे होत नाही.
ती पहिल्यांदा हसली. किंमत थोडी कमी करून मागितली, ते वेगळं.

काल रात्री परिशिष्ट पुन्हा लिहिलं.
पूर्वेला ओहोळ, ज्यात आता मार्चनंतर पाणी नसतं.
पश्चिमेला कायतानचे वारस,
कुठे असतील तिथे.
उत्तरेला डोंगर.
दक्षिणेला:
श्रीमती चंद्रावती वेळीप यांचे घर.
सुलक्षानं 'ळि' ऱ्हस्व टाइप केली होती.
दिवा जवळ ओढून मी ती दीर्घ केली,
आणि उरलेल्या तीन प्रतींतही.