खाच

उद्यमनगरात अण्णा अ‍ॅल्युमिनियम ओततात,
मुख्यतः पंपांची केसिंगं,
आणि आषाढात त्यांचा एकच शत्रू : हायड्रोजन.
हे नाव आमच्या घरात माझ्या आधीपासून आहे.
हवेतली ओल भट्टीत उतरते,
पाण्यातून सुटलेला हायड्रोजन वितळल्या धातूत गुपचूप विरघळून बसतो
आणि धातू गोठताना त्याला जागा पुरत नाही.
मग सुईच्या टोकाएवढी भोकं.
मुजावर चाचा केसिंग पाण्यात बुडवून आत हवा सोडतात,
बुडबुडा आला की खडूची फुली.
रिजेक्ट.

मीही हायड्रोजनच शोधते.
विद्यापीठात, दुसऱ्या मजल्यावर, कुरकुरत्या पंख्याखाली,
खोडदच्या थाळ्यांनी भरून दिलेल्या हार्ड डिस्कवर.
लांब कुठेतरी एक दीर्घिका,
तिच्या पोटातलं कृष्णविवर दोन्ही अंगांनी रेडिओलहरींचे फवारे सोडतं.
वाटेत थंड वायू. त्याची स्वतःची चमक
इतक्या लांबून दिसत नाही.
तो फक्त मागच्या उजेडातला
एकवीस सेंटिमीटरचा आपला वाटा उचलतो
आणि ग्राफची सपाट रेघ तिथं खचते.
तेवढंच. तेवढ्यासाठी तीन वर्षं.

जेवताना अण्णांनी ग्राफ बघितला.
"खड्डा हाय की. टाकून दे."
"अण्णा, आमच्यात खड्डा म्हंजेच माल."
ते हसले.
कुणाच्या धंद्यात काय खपेल!

अकरा दीर्घिका होत्या माझ्याकडे.
दहांच्या रेघा पंचगंगेकाठच्या मळीसारख्या सपाट.
अकरावीत एक खोल, अरुंद खाच, असायला हवी तिथंच,
आणि तिच्या निळ्या बाजूला एक उथळ ओघळ
जो मी सोमवारी पुसून टाकला.
बाराशे नव्वद मेगाहर्ट्झच्या आसपास काय काय कोकलत असतं :
उपग्रह, विमानतळाचं रडार,
कुणाचा तरी स्वस्तातला चार्जर.
'व्यत्यय' असं लिहून मी ते चॅनेल बाद केले.
माझीही खडूची फुली.

बुधवारी सत्तावीस केसिंगं परत आली.
अण्णा उशिरा घरी, शर्टावर ठिणग्यांची नवी भोकं,
आई त्यांतून बोट घालून दाखवत होती.
"सगळी वितळवली?" मी विचारलं.
"येड्यावानी बोलू नको. आदी कापायची.
भोक गोल असंल तर वायू,
वाकडंतिकडं असंल तर धातू आकसलाय.
कुठल्या अंगाला हायती ते बघायचं.
भोकच सांगतंय, वायू कुठनं आला
नि कुठं निघालावता."

त्या रात्री मी फुल्या पुसल्या.
एकेक थाळी वेगळी काढून बघितली.
मार्गशीर्षातलं निरीक्षण वैशाखातल्याशेजारी ठेवलं :
पृथ्वीच्या चालीएवढा तो ओघळ सरकला होता.
रडार असं सरकत नाही.
म्हणजे खराच.
सेकंदाला हजारभर किलोमीटर वेगानं तो वायू
आपल्या दिशेनं येतोय,
म्हणजे घराबाहेर ढकलला जातोय,
ज्याचे कदाचित तारे झाले असते, तो.
मला आनंद झाला, पण आधी भूक लागली.
डब्यातला गारढोण झुणका मी उभ्यानंच खाल्ला,
आणि स्क्रीनला लागलेलं तेलकट बोट
ओढणीनं पुसताना थबकले,
काहीच पुसायची भीती वाटत होती.

चौगुले मॅडमनी लाल पेननं लिहिलंय : पुन्हा मोज.
मोजतेय.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते
मनगटावरच्या चट्ट्याला खोबरेल लावत होते.
"कवाचं हाय हे?"
"उजेड निघाला त्याला एकशे तीस कोटी वर्षं."
बराच वेळ त्यांनी आपल्या पद्धतीनं हिशोब केला.
"म्हंजे माल कवाच गेटच्या भायेर गेला,
नि तू आत्ता चलान तपासतीयास."