ताळा

रात्रीचे पावणेतीन. गोकुळ शिरगावच्या खोलीत
एसी असा गारठा सोडतो
की मगदूमनं बायकोची शाल आणून ठेवलीय खुर्चीवर.

उद्यमनगरातला जुना सर्व्हर रिकामा होतोय,
इथला भरतोय.
दूध संघाची एकवीस वर्षं,
शेहेचाळीस हजार दोनशे अकरा फाइली.
"संख्या जमली, साइज जमली," मगदूम म्हणतो, "चल की आता."
मी म्हटलं, थांब, ताळा बघू दे.

शब्द अण्णांचा.
शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते.
बेरीज झाली की वहीच्या कडेला
आकडे मोडत मोडत एका आकड्यावर आणायचे,
नऊ आले की टाकून द्यायचे.
एकदा छत्तीस रव्यांचे त्रेसष्ट लिहून बसले.
तीन नि सहा नऊ, सहा नि तीन नऊ,
ताळा जमला.
जे सत्तावीस रवे कधी नव्हतेच
ते दीड वर्ष पगारातून कापले गेले.
अण्णा एवढंच म्हणाले, नऊ आंधळा असतो गं.

माझा ताळा चौसष्ट अक्षरांचा.
त्याला अर्थ नाही, चाल नाही,
मोठ्यानं वाचला तर शिवी दिल्यासारखा वाटतो.
पण फाइलीतला एक ठिपका हलला
की सगळीच्या सगळी चौसष्ट अशी बदलतात
की सख्खी बहीण ओळखणार नाही.

तीन जुळल्या नाहीत.
दोन लाइट गेली तेव्हा अर्ध्यावर तुटलेल्या,
त्यांचं काही नाही.
तिसरी मात्र पूर्ण. लांबी तीच, तारीख तीच.

दोन्ही प्रती शेजारी शेजारी उघडल्या.
बीडशेड, संध्याकाळचं संकलन,
सभासद एकशे सत्तेचाळीस, आक्काताई तिवडे,
म्हैस, फॅट सहा पॉइंट सहा.
इथं आलं सहा पॉइंट दोन.

"अठरा वर्षं झाली," मगदूम जांभई देत म्हणाला,
"बिल कवाच भागलं. म्हैस तरी असंल काय?"

नसेल.
आक्काताईचंही मला ठाऊक नाही.
पण त्या संध्याकाळी किटली घेऊन ती रांगेत होती,
मशीनवर सहा पॉइंट सहा उमटलं
आणि मागच्या बाईकडं तिनं एकदा वळून बघितलं असणार.

फाइल परत पाठवली.
आली. जुळली.
यंत्रानं सांगितलं तरी
मी काचेवर बोट ठेवून चौसष्ट अक्षरं दोनदा वाचली.
मगदूम शाल डोक्यावरून घेऊन झोपला होता.

सकाळी गंगावेशीत कट्ट्यावर थांबले.
म्हैस समोर, धार थेट ग्लासात.
मध्ये वायर नाही, वही नाही, कुणाचा पगार नाही.
गवळी ग्लास पुढं करतो.
मी फेस बसेपर्यंत थांबते,
खाली दूध किती उरलं ते बघते,
मग ओठाला लावते.