'पूर्ण' नाही असे सर्व

दाउगावपिल्स. सकाळचे सहा, बाहेर उणे एकवीस.
उष्णता पुरवठा कार्यालयाच्या तळमजल्यावर
मी एकटी, आणि एक दिवा,
जो कुणी हललं नाही तर आपोआप विझतो.
म्हणून अधूनमधून हात वर करते,
शाळेत उत्तर येत असल्यासारखी.

सातला आर्निसला यादी लागते:
कुणाचं घर अजून गार आहे, माणसं कुठे पाठवायची.
मी अटी घालते.
तारीख, पहिल्या बर्फानंतरची.
विभाग, नदीच्या अलीकडचा.
आणि स्थिती: 'पूर्ण' नाही असे सर्व.

नऊ हजार ओळी एका दमात चाळून
खाली उरतात एक्केचाळीस.
काय सुबक यादी. बरोबर एका पानावर बसणारी.
आर्निसला एका पानावर बसणारी थंडी आवडते,
चौघडी करून खिशात ठेवता येते.

सहा वीसला फोन. स्तानिस्लाव्स,
किल्ल्याच्या बाजूची इमारत, चौथा मजला.
तक्रार करत नाही, फक्त आकडा सांगतो.
"आज अकरा."
घरात?
"घरात. जिरेनियमची कुंडी मी अंथरुणात घेतली आहे.
तिला सांगून ठेवलंय, लाथ मारलीस तर बाहेर."

यादीत बोट फिरवते. नाही.
पुन्हा वरून. नाही.
नाव घालून शोधते तर आहे की!
चार तक्रारी, चार ओळी, तारखेसकट,
आणि स्थितीच्या रकान्यात
काहीच नाही. 'चालू' नाही, 'पूर्ण' नाही,
कुणीतरी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी
पत्ता लिहून घेतला आणि कोट चढवला.

मला वाटायचं, जे पूर्ण नाही ते अपूर्ण.
एवढं तर पोरालाही कळतं.
यंत्राला विचारा: हा कोरा रकाना 'पूर्ण' आहे का?
म्हणतं, माहीत नाही.
बरं, मग 'पूर्ण' नाही का?
माहीत नाही.
कोऱ्याची कोऱ्याशीसुद्धा बरोबरी मान्य नाही त्याला.
आणि ज्याच्याबद्दल माहीत नाही
त्याला ते घेत नाही.
खोटं बोलत नाही. चुकतही नाही.
ही अट माझीच, तीन हिवाळ्यांपूर्वीची,
'रोजची' या नावाने जपून ठेवलेली.

तीन हिवाळे.

घाईत लिहिलं: किंवा स्थिती कोरी.
तर सगळं शहर लोटलं आत,
नदीपलीकडचे, दहा वर्षांपूर्वीचे फुटके नळ,
पाडून टाकलेल्या इमारतींतली गार बिऱ्हाडं,
आणि कितीतरी नावं, जी आता कुठल्याच तापमानात नाहीत.
'किंवा' असाच असतो, मोकळा सोडला की कुणालाही आणतो.
वाऱ्याने दार आपटू नये म्हणून वीट लावावी
तसे त्याला दोन बाजूंनी दोन कंस लावले.

साठ.
एकोणीस जण जास्तीचे.
प्रिंटरमधून ते निघाले तेव्हा कागद ऊबदार होता,
याची मला लाज वाटली.

"दोन पानं?" आर्निस म्हणाला.
दोन पानं.
"काल तर एकच होतं, विज्मा. रात्रीत काय झालं?"
रात्रीत काही झालं नाही, मी म्हटलं.
त्याने घडी घातली. खिसा फुगला. गेला.

आज पुन्हा सहा. उणे तेवीस.
स्तानिस्लाव्सच्या ओळीत कुणीतरी भरलंय: 'पूर्ण'.
चारही ओळींत, एकाच मिनिटाला.
सहा वीस.
सहा पंचवीस.
फोन वाजत नाही.

ऊब आली असेल. झोपला असेल उशिरापर्यंत,
कुंडी परत खिडकीत.
किंवा.

दिवा विझतो. न वाजलेल्या फोनला
मी 'पूर्ण' समजू का?
हात वर करते, उजेड येतो,
आणि त्याचा नंबर लावते.
एक रिंग. दोन.