बर्फ

पहाटे पावणेचारला पिरावाडीच्या जेटीवर
बर्फ फोडायचं यंत्र करकरत असतं.
मी थर्मास पुढे करते.
इस्माईल मुकादम मूठभर चुरा आत सोडतो
आणि विचारत काही नाही.

आत दोन इंजेक्शनं, रुमालात गुंडाळलेली.
कोल्हापूरची गाडी साडेचारला.
फोंडा घाट लागला की हे पाय काढतात,
मांडीवर आडवा घेतात,
जेवणाचा डबा सांभाळावा तसा.

सुरुंगानंतर बोर्डासमोर सगळं मोजलं गेलं:
गुडघ्याखालचा पाय, डावा कान,
कमरेतले तुकडे, जे अजून आतच आहेत.
टक्के, शिक्का, सही.
आणखी जे गेलं त्याला कागदावर रकाना नव्हता.
रकाना नव्हता म्हणून सहा वर्षं
आम्हीही त्याचं नाव घेतलं नाही.

सासूबाई घेत. दर जत्रेला
गाऱ्हाण्यात माझं नाव घालत, हिची कूस, देवा, हिची कूस.
हे बाहेर उभे.
बूट निघत नाही, ही सबब.

नेवरेकर डॉक्टरीण खुंटाची जखम बघत होत्या.
लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाल्या,
"मूल हवंय का तुम्हांला?"
ह्यांनी छताकडे पाहिलं.
मग "होय, मॅडम," हजेरीला देतात तसं.
बाईंनी पट्टी घेतली
आणि फॉर्मच्या तळाशी पेनानं
एक रकाना आखला.

त्या वर्षी जत्रेत हे बुटासकट पायरीपर्यंत आले.
"आये, तिचा नाव काढ.
माझा घाल."

रात्री नऊची सुई हेच टोचतात, लॉजच्या खाटेवर.
कुणाकुणाला बंकरात टोचली असेल यांनी.
हात हलत नाही.
मी हलते.

पहिल्या खेपेला नाही झालं.
थर्मासातलं पाणी मिरचीच्या रोपाला घातलं
आणि महिनाभर जेटीकडची वाट टाळली.

आज पुन्हा.
इस्माईल चुरा सोडतो, दहाची नोट परत करतो.
"आमचो बर्फ मेलेल्या माशांचो, वैनी.
ह्यो एकच जित्यासाठी जाता."

म्हणजे ठाऊक होतं.
म्हणजे अख्ख्या जेटीला ठाऊक असणार.

गाडीत ह्यांनी खिडकी धरून ठेवलीय, माझ्यासाठी.
थर्मास माझ्या हातून घेतात,
उजव्या कानाशी नेऊन हलकेच हलवतात.
"आसा," म्हणतात.