किलोमीटरची वही

सीएचा पोऱ्या म्हणाला, मामू,
कामाचे किलोमीटर वेगळे काढा, घरचे वेगळे.
कामाचंच पेट्रोल वजा होतं.

वही उघडली. पानांना मशीनच्या तेलाचा वास.
सेलू ते मानवत : बॉबिन अडकलेलं.
पाथरी : पट्टा, दोन सुया, चहा त्यांचाच.
वालूर : मीटर एक्केचाळीस हजार दोनशे सहा,
पुढं कोरं.

वालूरच्या सोजरबाई गेल्या होत्या.
सुईखाली अर्धं शिवलेलं झबलं.
सून म्हणाली, चालतंय का बघा.
तेल घातलं, चाक फिरवलं,
झबल्याला हात लावला नाही. पैशालाही.

पोऱ्या म्हणाला, पावती नाही ना? मग ते घरचंच.

बरं. लिव्ह घरचं.
येताना दुधनेच्या पुलावर
गाडी बंद करून घंटाभर उभा होतो,
त्याचे तर किलोमीटरच नाहीत.